आधी माध्यम बघ, मग घड्याळ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना इस्ट्रोजेन दे किंवा नको देऊ, त्या सोडत असलेल्या नायट्रिक ऑक्साइडमध्ये (रक्तवाहिनी रुंदावणाऱ्या वायूत) फरकच दिसत नाही, म्हणून विषय सोडू का, असं विचारतेस. एवढ्यात नको. आधी पेशी ज्यात वाढवतेस त्या माध्यमाची बाटली उजेडात धर. तो लालसर रंग फिनॉल रेडचा, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या रंगद्रव्याचा. बाजारात मिळणाऱ्या फिनॉल रेडला इस्ट्रोजेनसारखा गुण असतो, हे 1986 मध्येच दाखवून झालंय. त्यात माध्यमात घातलेल्या सीरममधून (रक्तद्रवातून) जनावराची संप्रेरकं येतात ती वेगळीच. म्हणजे ज्या पेशींना तू इस्ट्रोजेन दिलं नाहीस असं समजतेस, त्यांनाही ते थोडंफार मिळतंच आहे. फिनॉल रेड नसलेलं माध्यम घे आणि सीरम कोळशाने संप्रेरकं काढलेलं वापर.

मग वेळेकडे वळ. तू फक्त चोवीस तासांनी मोजलंस, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राहक (ज्याला इस्ट्रोजेन चिकटतं ते प्रथिन, रिसेप्टर) केंद्रकात बसून नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या ईनॉस या विकराचं जनुक चालवतो, त्याला तास लागतात. पण त्याच ग्राहकाचा थोडा भाग पेशीच्या पडद्यावरच्या खळग्यांमध्ये, ईनॉसच्या शेजारीच असतो. तिथून निरोप पीआय-3 कायनेज या विकराला, पुढे एकेटी या विकराला जातो, आणि एकेटी ईनॉसच्या 1177 व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवून ईनॉसला कामाला लावतं. हे सगळं काही मिनिटांत होतं. इतक्या कमी वेळात नायट्रिक ऑक्साइडपासून झालेलं नायट्राइट ग्रीस या रंगचाचणीला सहसा सापडत नाही. ईनॉस आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवताना सिट्रुलिनही तयार होतं, म्हणून किरणोत्सारी आर्जिनिनचं सिट्रुलिन किती झालं ते मोज, आणि सोबत 1177 वरचं फॉस्फेट दाखवणारा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची चाचणी) कर.

हा फक्त बायकांचा विषय आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला 1994 मधला तो रुग्ण सांग. अठ्ठावीस वर्षांचा पुरुष, अल्फा ग्राहकाच्या जनुकात बिघाड. पुढे 1997 मध्ये त्याच्या दंडाची धमनी तपासली. पट्टा आवळून सोडला, की रक्ताचा लोंढा येतो आणि निरोगी माणसाची धमनी नायट्रिक ऑक्साइडमुळे रुंदावते. त्याची रुंदावली नाही. एकाच माणसावरून नियम बांधता येत नाही, पण ही नोंद वाचल्यापासून हा ग्राहक माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

प्रबंधात मात्र एक वाक्य लिहू नकोस : ‘म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या हृदयाला चांगल्या.’ अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हने 2002 मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र देण्याची चाचणी मुदतीआधी थांबवली, तीत हृदयाला संरक्षण मिळाल्याचं दिसलं नव्हतं. त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. वय वाढलेल्या धमन्यांचं अस्तर तुझ्या डिशमधल्या कोवळ्या पेशींसारखं वागेल, असं गृहीत धरू नये.

पुढच्या खेपेला पाच, पंधरा, तीस मिनिटं आणि चोवीस तास, असे चारही नमुने घे. इस्ट्रोजेन ज्या इथेनॉलमध्ये विरघळवतेस तेवढंच नुसतं इथेनॉल एका गटाला दे. एका गटात ईनॉसला रोखणारं एल-नेम, एका गटात इस्ट्रोजेनच्या ग्राहकाला रोखणारं फुल्वेस्ट्रंट. फुल्वेस्ट्रंटने परिणाम थांबला, तरच तो ग्राहकामार्फत झाला असं म्हणता येईल. ब्लॉटचे मूळ फोटो पाठव, कापलेले नकोत.

तुझी,
मॅडम