शाळांमध्ये बागा उभारणाऱ्या स्वयंसेवक प्रमुखांच्या सत्कारात स्मृतिचिन्ह द्यावे की बागेला त्यांचे नाव द्यावे, आणि कार्यक्रम कधी ठेवावा?

स्मृतिचिन्ह देऊ नका, हे सुरुवातीलाच सांगतो. असेच मत मी एकदा बैठकीत मांडले होते, तेव्हा माझ्यावर मत्सराचा आरोप झाला होता.

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी सहा वर्षांत चार शाळांच्या आवारांत बागा उभ्या केल्या आणि त्यांपैकी बराच काळ मी त्यांच्या हाताखाली काम केले. मैदानाची तुडवून दगड झालेली जमीन भुसभुशीत करणे, पालापाचोळ्याच्या खताचा ढीग महिनोन्‌महिने वरखाली करत राहणे, सत्र संपण्याआधी मुलांच्या हाती येईल असेच पीक निवडणे (मुळा साधारण महिन्याभरात तयार होतो, म्हणून पहिल्या वर्षी त्या तोच लावत) आणि वाफ्यात गेलेला चेंडू रोपे न तुडवता कसा काढावा हे मुलांना शिकवणे, ही सारी कामे त्यांनी केली.

सत्काराच्या बैठकीत मी सुचवले की स्मृतिचिन्हाच्या पैशांतून नळापासून वाफ्यांपर्यंत नळी टाकावी आणि सुट्टीत पाणी घालण्याच्या पाळ्या मंचावरूनच नावानिशी जाहीर कराव्यात. त्यावर समितीचे चिटणीस म्हणाले, ‘‘सन्मानाच्या प्रसंगी नळी कसली आणता?’’ कार्यक्रम सत्राच्या अखेरीस थाटात झाला. मानपत्रात ‘हिरवे स्वप्न’ तीन वेळा आले आणि बाई आता आणखी तीन शाळांत बागा उभारणार आहेत, असे पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केले. बाईंनाही ते तेव्हाच कळले. परतताना त्यांनी मला एवढेच विचारले, ‘‘सुट्टीत पाणी कोण घालणार, ते कोणी बोलले का हो?’’

कोणीही बोलले नव्हते. त्या सुट्टीत बाई तीन आठवडे आजारी पडल्या आणि नळाच्या खोलीची किल्ली त्यांच्याच पिशवीत राहिली. उथळ वाफे लवकर सुकतात, त्यात मातीवर आच्छादनही नव्हते. शाळा उघडली तेव्हा दोन बागांत मुलांनी लिहिलेल्या रोपांच्या पाट्या तेवढ्या उभ्या होत्या. ‘‘बाईंनी व्यवस्था लावून जायला हवे होते,’’ असे म्हणणारे पुन्हा तेच चिटणीस होते. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्याच्या आखणीत प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा होता आणि सभोवती सर्वांचे सामाईक वाफे होते. कोणाच्या वाट्याला काय, हे तिथे जमिनीवरच आखलेले होते. आपण मात्र सगळी बाग एकाच व्यक्तीच्या वाट्याला देतो आणि त्यालाच सन्मान म्हणतो.

म्हणून तुमच्या प्रमुखांना आधी विचारा की कोणते काम त्यांच्या अंगावरून उतरलेले त्यांना आवडेल. ते काम कोणी घेतले, हे सत्काराच्या दिवशी सांगा आणि त्यांना न विचारता नवे काही जाहीर करू नका. कार्यक्रम बाग भरात असताना तिच्याशेजारीच ठेवा, मात्र खुर्च्या वाफ्यांपासून दूर मांडा. बागेला नाव देण्याबाबत मी इतकेच सांगेन की वाळलेल्या बागेवरची नावाची पाटी फार वाईट दिसते.

स्मृतिचिन्हाला माझा सरसकट विरोध आहे असेही समजू नका. बाईंनी त्यांचे अजून कपाटात दर्शनी ठेवले आहे आणि धूळ बसली की त्या स्वतः पुसतात, त्यामुळे या बाबतीत मी थोडा चुकलो असेन. पण नळीच्या बाबतीत चुकलो नव्हतो. तुमच्या समितीतही तसे चिटणीस असतील, तर तो विषय पहिल्याच बैठकीत काढा आणि नळाच्या किल्लीच्या तीन प्रती तेवढ्या आधी करून घ्या.