आई गेल्यापासून वडील गप्प आहेत आणि आम्हा भावांचे वाद चालू आहेत. कुटुंब समुपदेशनाचा उपयोग होतो का?

वडील ७६ वर्षांचे, अमळनेरला एकटे, तुम्ही पुण्यात, भाऊ सुरतला, आणि "मी काय येडा झालो का?" म्हणत ते यायला तयार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरी अगदी हेच झालं, फक्त गाव चोपडा तालुक्यातलं.

आई गेल्यावर नानांनी बोलणं टाकलं. मी म्हणायचो पुण्याला चला, भाऊ म्हणायचा वावर विका. शेवटी "आम्हा भावांचं जमत नाही, तुम्ही फक्त सोबत चला" असं सांगून त्यांना जळगावला नेलं. ते खोटं नव्हतंच, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं!

समुपदेशक बाईंनी नानांना आधी काहीच विचारलं नाही. वहिनीला विचारलं, "हे दोघे भांडतात तेव्हा नाना काय करतात?" वहिनी म्हणाली, "उठून गोठ्यात जातात. मग हे दोघंही गप्प होतात." आम्हा दोघांचे चेहरे उतरले. नाना रुसलेत असं आम्ही वर्षभर समजत होतो.

बाईंच्या आणखी एक लक्षात आलं: नाना सारखा डावा कान पुढे करत होते. तपासणीत उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही असं निघालं. पुढच्या भेटीत बाई सरळ अहिराणीत बोलल्या, तेव्हा नाना म्हणाले, "माले कोनी इचारं का?"

सहा भेटी झाल्या. दोन बिघे नाना स्वतः करतात, बाकी वावर बटाईने दिलंय. कानाचं मशीन मात्र बहुतेक वेळा कपाटातच असतं.

तुम्ही आधी डॉक्टरांकडून बी-१२, थायरॉइड आणि चालू गोळ्या तपासून घ्या. म्हातारपणी नैराश्यही असंच गप्प बसतं. दोन-तीन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागले तर समुपदेशन नको, थेट दवाखाना. जाणं लांबणार असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. वावर नावावर करायचा विषय निघालाच, तर दानपत्रात सांभाळाची अट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ त्यावरच चालतं. अट मोडली तर दानपत्र रद्द करून घेता येतं.

सुरतच्या भावाला व्हिडिओ कॉलवर घेता येईल, पण पहिल्या भेटीला त्याला प्रत्यक्षच बोलवा. कानाने कमी ऐकू येत असेल तर फोनवरचं निम्मं वडिलांपर्यंत पोचणारच नाही.