कुरियरने आलेली कडकनाथची अंडी: दोष मशीनचा की रस्त्याचा?

प्रश्न: काकू, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो, गच्चीवर थोड्या कोंबड्या पाळल्यात. मे महिन्यात ऑनलाइन बाहेरच्या राज्यातून कडकनाथची बारा अंडी मागवली, चार दिवसांनी आली, एकही फुटलं नव्हतं म्हणून लगेच इन्क्युबेटरमध्ये लावली. पिल्लू एकही नाही. शेवटी फोडून बघितलं तर पाच अंडी कोरीच, तिनांत रक्ताचं कडं, आणि चारांत पिल्लू पूर्ण तयार होऊन आतच मेलेलं. विकणारा म्हणतो तुमची मशीन खराब. पुन्हा मागवू का?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर: ती चार पिल्लं अठरा-एकोणीस दिवस जगली होती हे वाचून फार वाईट वाटलं. पण त्यातूनच कळतं की इथे दोन वेगळ्या गोष्टी बिघडल्यात.

पाच कोरी आणि तीन कडंवाली, ही बहुतेक रस्त्यातच गेली. मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, कुरियरची बंद गाडी त्याहून तापते, आणि अंड्याला साधारण २१ डिग्रीच्या वर ऊब मिळाली की आत जीव हलायला लागतो, मग अर्धवट वाढ सुरू होते, थांबते, परत सुरू होते आणि संपते. शिवाय धक्के. अंड्याच्या रुंद बाजूला हवेची पोकळी असते, ती धक्क्यांनी सुटते. अंधारात मोबाइलचा टॉर्च त्या बाजूला टेकवून अंडं हळू कलतं करा, पोकळीची रेघ जागेवर राहिली तर ठीक, पाण्यासारखी डुचमळली तर सुटली समजा. कवच अखंड आहे म्हणून अंडं चांगलं, असं नसतं हो!

अशी अंडी आली की टोकदार बाजू खाली ठेवून पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एक दिवस खोलीतल्या थंड जागी बसू द्यायची, मग मशीनमध्येही तशीच उभी लावायची आणि पहिले दोन-तीन दिवस फिरवायचीच नाहीत, नंतर फक्त डावी-उजवीकडे कलती करायची. एवढं करूनही कुरियरच्या अंड्यांतून निम्मी निघाली तरी खूप झालं.

आता ती चार. इथे मात्र मशीनकडे बघावं लागेल, विकणाऱ्याचं तेवढं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. पंखा असेल तर ३७.५ डिग्री, नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास लागतं. ओलावा पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. मे मधल्या कोरड्या हवेत छोट्या मशीनमधलं पाणी रात्रीत आटतं, आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळून बसतो आणि त्याला फिरून कवच फोडताच येत नाही. त्यात आपण काळजीपोटी सारखं झाकण उघडून बघतो, तेही अठराव्या दिवसानंतर बंद करा, फिरवणंही बंद.

ओलावा मोजणाऱ्या मीटरवर भरवसा ठेवण्याआधी तो तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, विरघळणार नाही इतपतच ओलं करा, मीटरसकट घट्ट पिशवीत सात-आठ तास ठेवा, ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर सात कमी दाखवतोय, तेवढे मिळवून वाचायचं. पावसाळ्यात उलट, हवाच दमट असते, तेव्हा सुरुवातीला पाणी बहुधा लागतच नाही.

आणि खरं सांगू, इंदूरला राहून कडकनाथ बाहेरच्या राज्यातून कशाला मागवता? २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या खास मालाला मिळणारं सरकारी मानांकन, मिळालं ते झाबुआच्याच कडकनाथच्या मांसाला, आणि झाबुआ आपल्यापासून साधारण दीडशे किलोमीटर. तिथल्या कृषी विज्ञान केंद्राची कडकनाथची हॅचरी आहे, आधी फोन करून अंडी मिळतात की फक्त पिल्लं ते विचारा. दिवाळीनंतर गार हवेत स्वतः जा, ट्रे डिकीत नको, सीटवर नीट धरून आणा. अंडी कधी घातलेली ते विचारून प्रत्येकावर पेन्सिलने तारीख टाका, सात दिवसांहून जुनं घेऊ नका. आणि हो, कडकनाथ काळी असली तरी अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं, त्यामुळे कोणी काळं अंडं दाखवून जास्त पैसे मागितले तर घेऊच नका.