गच्चीवर एकदा उभारून बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवाच वाचला, पण उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं म्हणून हे पत्र. तीन तंबूंचे फोटो पाठवलेस आणि प्रत्येकाखाली फक्त वजन लिहिलंस: १.१ किलो, १.४ किलो, २.३ किलो. मग एक ओळ, "काका, पहिलाच घेऊ ना?" पोल कशाचे आहेत ते नाही, आतलं कापड जाळीचं की बंद ते नाही. आणि तो लावणार कुठे, हे तर नाहीच नाही.

मला तुझे बेत माहीत आहेत म्हणून बरं. जानेवारीत उत्तराखंडात केदारकंठ्याचा बर्फातला ट्रेक, पुढच्या वर्षी उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, मग कधीतरी सहा हजार मीटरचं शिखर, आणि मधल्या सगळ्या शनिवार-रविवारी आपली घरची डोंगररांग. या सगळ्याला पुरणारा एक तंबू नसतो. असतो असं जो सांगेल त्याला तंबू विकायचा असतो.

आता हिशेब कर. केदारकंठ्याला तू ग्रुपबरोबर जाणार, पायथ्याच्या सांक्री गावाच्या वर तंबू त्यांचे. उत्तरकाशीच्या संस्थेत कोर्सला तंबू, सॅक, बूट सगळं तेच देतात. सहा हजारी शिखराला अजून चार-पाच वर्षं आहेत, आणि तेव्हाही तंबू मोहिमेचा असेल, तुझ्या एकटीचा नव्हे. मग राहिलं काय? साल्हेर-मुल्हेर, धोडप, कळसूबाईच्या आजूबाजूचा परिसर. तुझ्या पैशाने घेतलेल्या तंबूत तू ज्या रात्री झोपणार आहेस, त्यातल्या बहुतेक इथल्याच. तंबू घ्यायचा तो त्या रात्रींसाठी. बर्फाचा लागेल तेव्हा भाड्याने आण किंवा मागून आण. माझा जुना आहे, तोही ने.

इथली थंडी कमी समजू नकोस. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला की पेपरात फोटो येतो, द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा. त्या बागायतदाराला विचार, खोलगटातल्या बागेला आधी झळ बसते की उंचावरच्या? थंड हवा जड असते, रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली येते आणि खोलगटात साचते. तंबूलाही हाच नियम. ओढ्याकाठची सपाट, गवताळ जागा दिवसा मोहात पाडते आणि पहाटे सगळ्यात गार तीच असते, सगळ्यात ओलीही. तिथून वीस-पंचवीस फूट वर सरकलीस तरी फरक कळतो. कड्याच्या अगदी काठावर मात्र जाऊ नकोस. फोटोला तंबूच्या दारातून दरी छान दिसते, पण वारा दरीतून वर येतो आणि तंबूच्या पोटाखाली शिरतो.

आणि आपल्याकडे जमीन कुठे असते? कातळ असतो. साल्हेरच्या माथ्याकडे जाताना वर परशुरामाचं मंदिर दिसतं ना, त्या अंगाला पेग, म्हणजे तंबूची खुंटी, ठोकून बघ. बोटभर माती, खाली काळा दगड. पेग वाकतो नाहीतर उडून जातो. म्हणून आपल्याला लागतो तो स्वतःच्या पोलांवर उभा राहणारा तंबू. तुझा १.१ किलोवाला ट्रेकिंग पोलवर उभा राहतो, म्हणजे पेग आणि दोऱ्यांच्या ताणावर. ताण गेला की तो तंबू नाही, चादर. कल्पना वाईट नाही आणि नवीही नाही. ममरी नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाने एकोणिसाव्या शतकातच आइस ॲक्सच्या, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीच्या, आधारावर उभा राहणारा हलका तंबू वापरला होता. हाच ममरी १८९५ साली नंगा पर्वतावर गेला तो परत आला नाही. मऊ माळावर, जिथे पेग खुशाल आत जातात, तिथे असा तंबू उत्तम. कातळावर दगड लावून जमवता येतं, पण वारा सुटला की रात्रभर तेच काम. आणि दगड लावायचेच तर सुटे पडलेले शोध, तटबंदीतला एकही उचलू नकोस. साडेतीनशे वर्षं टिकलेली भिंत आपल्या एका रात्रीसाठी उसवायची नसते.

साल्हेरचं नाव निघालं म्हणून सांगतो. माझा पहिला तंबू तिथेच मेला. स्वस्तातला होता, पोल फायबरग्लासचे. डिसेंबर होता, रात्री वारा उठला. अकराच्या सुमारास डोक्याशी काडकन आवाज झाला. टॉर्च लावला तर पोल मधोमध नीट तुटलेला नव्हता, ओला बांबू चिरडावा तसा उभा फाटला होता आणि त्याच्या कुसळांनी वरच्या कापडाला हाताएवढं भोक पाडलं होतं. ती कुसळं दोन दिवस माझ्या तळहातात होती. आम्ही सगळा पसारा उचलून गंगासागर तळ्याजवळच्या गुहेत गेलो आणि तंबूपेक्षा छान झोपलो. किल्ल्यावर गुहा असेल तर आधी ती बघ, हाही धडा त्याच रात्रीचा.

ओझरच्या विमान कारखान्यात माझी सगळी नोकरी ॲल्युमिनियमशी झाली, त्यामुळे पोलांबद्दल मी जरा जास्त बोलतो, चालवून घे. चांगल्या तंबूचे पोल जस्त मिसळलेल्या ७००० मालिकेच्या ॲल्युमिनियमचे असतात, विमानाच्या सांगाड्यात वापरतात त्याच घराण्याचे. असा पोल बेताबाहेर वाकला तर आधी वाकलेला राहतो, चट्कन फुटत नाही. वाकलेल्या पोलावर रात्र निघते. बरोबर बोटभर लांबीची एक नळी येते, पोल मोडला तर त्यावर सरकवून चिकटपट्टी गुंडाळायला. ती नळी घरी ठेवून वजन वाचवणारे लोक मी पाहिलेत. वजन असतं काही ग्रॅम.

आता पाण्याचं बघू. पाणी म्हणजे पावसाचं नाही, तुझंच. श्वासातून आणि अंगातून एका माणसाचं रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. दोघी झोपलात तर अर्धा लिटर. ते कुठेतरी जमणार. निरभ्र रात्री तंबूचं वरचं कापड आकाशाकडे उष्णता सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. मग बाहेरून दव आणि आतून तुमची वाफ, दोन्ही त्याच कापडावर धरतात. तंबू दुपदरी असेल तर हे थेंब बाहेरच्या पदरावर राहतात आणि तुझ्या आणि त्यांच्यामध्ये आतला पदर असतो. एकपदरी असेल तर पहाटे कूस बदलताना डोकं भिंतीला लागतं आणि कपाळावर गार पाणी. तुझा १.४ किलोवाला एकपदरी आहे. तो बनवलाय उंचावरच्या कोरड्या, कडक थंडीसाठी, जिथे वाफेचे सरळ हिमकण होतात आणि ते सकाळी झटकता येतात. आपल्या दवाळ हवेत तो रडवेल.

यावर उपाय एकच, हवा खेळती ठेवणं. वरची खिडकी उघडी, दाराची चेन वरून चार बोटं उघडी. सगळ्यांना उलटं वाटतं. थंडी आहे म्हणून सगळं गच्च बंद करतात आणि सकाळी स्लीपिंग बॅग पिळतात. तंबू ऊब देत नाही गं. तो वारा अडवतो आणि कोरडं ठेवतो. ऊब येते अंगाखालच्या मॅटमधून आणि स्लीपिंग बॅगमधून. बजेट अपुरं पडत असेल तर तंबूत काटकसर कर, मॅटमध्ये नको.

आणि ऊब मिळावी म्हणून बंद तंबूत स्टोव्ह कधीही लावायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपतो तो उठत नाही. यावर चर्चा नको.

बर्फातलं गणित वेगळं. तिथे मला धडा मिळाला तो जाळीचा. उत्तराखंडात एकदा बाराएक हजार फुटांवर आम्ही आपला नेहमीचा तीन ऋतूंचा, म्हणजे बर्फाचा हिवाळा सोडून वापरायचा, तंबू नेला होता, आतला पदर जवळजवळ सगळा जाळीचा. बर्फ पडतच नव्हतं, नुसता वारा होता. पण वारा पडलेला बर्फ उचलतो, जात्याभोवती पीठ उडावं तसा बारीक. तो बाहेरच्या पदराच्या खालून शिरला, जाळीतून गाळून आत आला आणि पहाटे तीन वाजता माझ्या बॅगेवर, बुटांत, भुवयांवर पिठीसाखरेसारखा थर. आधी मजा वाटली. मग अंगाच्या उबेने तो वितळायला लागला. म्हणून बर्फातल्या तंबूचा आतला पदर बंद कापडाचा हवा आणि बाहेरचा पदर जमिनीपर्यंत टेकणारा. यातच अर्धा-पाऊण किलो वाढतं, आणि ते वाढू द्यायचं.

पोल जितक्या जास्त ठिकाणी एकमेकांना छेदतील तितका तंबू बर्फाचं ओझं आणि बाजूचा वारा पेलतो, कारण मधली मोकळी कापडं लहान होतात. बोगद्यासारखा तंबू त्याच वजनात जास्त जागा देतो, पण त्याची शेपटी वाऱ्याकडे धरावी लागते आणि वारा रात्रीत फिरला की पंचाईत. पेग बर्फात धरतच नाहीत. सिमेंटच्या गोणीचे हातभर चौकोन कापायचे, चारही कोपऱ्यांना दोरी बांधायची, मध्ये बर्फ भरून आडवं पुरायचं आणि वरून पायाने दाबायचं. अर्ध्या तासात ते दगडासारखं घट्ट होतं. तंबूची जागाही आधी बुटांनी तुडवून तशीच थोडा वेळ सोडायची, नाहीतर रात्री तुझ्या पाठीच्या आकाराचा खड्डा पडतो आणि सकाळपर्यंत तो गोठतो. हे सगळं तुला कोर्समध्ये शिकवतील, माझ्यापेक्षा नीट शिकवतील.

आता तुझं लाडकं वजन. कंपन्या जो आकडा छापतात तो बऱ्याचदा कापड आणि पोलांचाच असतो. पेग, दोऱ्या, पिशव्या, खाली अंथरायचं कापड त्यात नसतं. माझ्या एका तंबूवर १.३ किलो छापलं होतं. मित्राच्या शेडमधल्या द्राक्षाच्या पेट्या तोलायच्या काट्यावर ठेवला, १.७ भरला. फसवलं असं म्हणत नाही, त्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. आणि दोघींत एक तंबू असेल तर कापड एकीकडे, पोल-पेग दुसरीकडे. तुझा २.३ किलोवाला दोघींत वाटला की १.१५ होतो, म्हणजे तू एकटीने उचलणार होतीस जवळपास तेवढाच. शिवाय तो दुपदरी आहे आणि स्वतःच्या पोलांवर उभा राहतो. म्हणजे मी कुठे चाललोय ते तुझ्या लक्षात आलं असेल.

फक्त दोन गोष्टी तपास. "दोन माणसांचा" म्हणजे दोन मॅट खेटून, बस. सॅक ठेवायला बाहेर ओसरी आहे का बघ. आणि लांबी बघ, पायाकडून बॅग कापडाला टेकली की तीच पहिली भिजते. कापड किती उंच पाण्याचा दाब न झिरपता पेलतं ते सांगणारे तीन हजार, पाच हजार मिलिमीटरचे आकडे हिवाळ्यासाठी फार मोजू नकोस, त्यासाठी जास्त पैसे तर देऊच नकोस. कापड नायलॉनचं असेल तर ओलं झाल्यावर ते सैलावतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू पहाटे लोंबतो. तेव्हा झोपण्याआधी एकदा बाहेर येऊन दोऱ्या पुन्हा ताणायच्या. आळस येतो, मलाही येतो.

घेतलास की लगेच डोंगरावर नेऊ नकोस. आधी गच्चीवर लाव. दिवसा एकदा, मग रात्री दिवे बंद करून. मग बर्फाच्या पाण्यात हात मिनिटभर बुडवून, जाड हातमोजे घालून. तेव्हा कळेल की कापड पोलाला अडकवायचे ते चिमुकले क्लिप सुंदर दिसतात आणि बधिर बोटांना सापडत नाहीत. पोल कापडाच्या बोळातून काढताना ओढायचा नाही, ढकलायचा. ओढलास की सांधा आतच सुटतो आणि कापड त्यात अडकतं. घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरू कर, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण राहतो. परत आल्यावर तंबू ओला गुंडाळून कपाटात टाकलास तर कापडाला आतून दिलेला पाणी अडवणारा लेप सुटतो, चिकट होतो आणि आंबट वास मारतो. माझ्या एकाचं तसं झालंय, येशील तेव्हा हुंगून बघ.

आणि मुक्कामाआधी वनखात्याला विचारून घे. अनेक ठिकाणी आता रात्री राहायला बंदी आहे किंवा परवानगी लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड तर अभयारण्यच आहे.

या रविवारी सकाळी सातला घरी ये. काकूने थालीपीठं करायचं कबूल केलंय. माझा बर्फाचा जुना तंबू गच्चीवर काढून ठेवतो, तू तुझे जाड हातमोजे आण. मैत्रिणीलाही आण, एकटीने लावायला तो जमत नाही. काटा मी मागून आणतो.

तुझा,
काका