पहिले मोसम: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत वैभव सूर्यवंशीचं नाव आहे. उरलेल्यांत पाठदुखी, निवड चाचण्या आणि पैसे. मैदानावर मुलांना शिकवण्यात आणि काही वर्षं वयोगटाच्या निवड समितीवर जे पाहिलं, त्याच्या आधारे जमतील तेवढी उत्तरं देतो.

मुलगा १५ वर्षांचा आहे. जिल्ह्याकडून खेळतो, पण मोठी खेळी अजून नाही. वैभव १४व्या वर्षी आयपीएलमध्ये शतक ठोकतो. आमच्या मुलाला उशीर झालाय का?
— एक वडील, बारामती

नाही झाला. वैभवचं ते शतक मीही पाहिलं. २८ एप्रिल २०२५, जयपूर, गुजरातच्या गोलंदाजीवर ३५ चेंडूंत शंभर. पोरगं अलौकिक आहे, आणि म्हणूनच त्याच्यावरून आपल्या घरचं वेळापत्रक लावायचं नसतं.

त्यापेक्षा आपला ऋतुराज गायकवाड बघा. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला मुलगा. ऑक्टोबर २०१६ मध्ये झारखंडविरुद्ध रणजी पदार्पण केलं आणि त्याच सामन्यात वरुण अ‍ॅरनच्या चेंडूने बोट मोडून घेतलं. आयपीएलचा पहिला सामना मिळाला २०२० मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी. पुढच्याच मोसमात ६३५ धावा आणि ऑरेंज कॅप, म्हणजे मोसमात सर्वाधिक धावांचा मान. सूर्यकुमार यादव मुंबईकडून रणजी खेळू लागला २०१० मध्ये आणि भारताची टोपी डोक्यावर आली मार्च २०२१ मध्ये, ३०व्या वर्षी. मधली दहा वर्षं त्याने काय केलं? देशांतर्गत सामने खेळला, वगळला गेला, परत आला.

मोठी खेळी नाही याची मला काळजी वाटत नाही. तुम्ही दुसरंच काही बघा. शून्यावर बाद होऊन आल्यानंतर संघ क्षेत्ररक्षणाला उतरतो, तेव्हा तो कुठे असतो? पॉइंटला, म्हणजे फलंदाजाच्या जवळच बाजूला, गुडघ्यात वाकून गोलंदाजाला धीर देत, की सीमारेषेवर कमरेवर हात ठेवून? निवड समितीत होतो तेव्हा माझ्या वहीत धावांच्या शेजारी हा एक रकाना असायचा. शतक करणारी मुलं दर मोसमात दिसायची. शून्यानंतर अशी उभी राहणारी फार थोडी.

मुलगा १५ वर्षांचा, उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज. दोन महिने कमरेत डाव्या बाजूला दुखतंय. सर म्हणतात स्नायू आखडलेत, टाकून टाकून मोकळे होतील. तो शाळा, क्लब आणि रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा, तिन्हीकडे टाकतो.
— एक आई, चिपळूण

ताई, गोलंदाजी आजपासून बंद. हे छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला वेगळं कळवलं आहेच, पण अशा आणखी चार आया असतील म्हणून इथेही लिहितो.

उजव्या हाताच्या गोलंदाजाला डाव्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखणं आणि मागे वाकल्यावर ते वाढणं, ही मणक्याच्या हाडाला ताणाने तडा जात असल्याची खूण असू शकते. चेंडू सोडताना पाठ एकाच क्षणी मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळली जाते. त्याच वेळी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. वाढत्या वयातलं हाड तेवढं पक्कं नसतं. कमरेचे मणके पूर्ण भरायला पंचविशी उजाडते. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या अस्थितज्ज्ञांकडे न्या, मग पुण्यापर्यंत जावं लागलं तरी चालेल. लवकर सापडलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड भरून येतं. 'टाकून टाकून' मात्र ते मोकळं होत नाही, तुटतं.

इंग्लंडच्या बोर्डाने १५ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांसाठी एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग टाकताना, ६ आणि दिवसभरात १२ षटकं अशी मर्यादा घातली होती. तुमच्या मुलाची शाळेतली षटकं शाळेला ठाऊक, क्लबातली क्लबला आणि रविवारची कुणालाच नाही. म्हणून तो बरा होऊन परतला की एक वही घाला. तारीख, कुठे, किती चेंडू (नेटमधले धरून), आणि दुखणं शून्य ते दहा. वही त्याच्या किटबॅगेत ठेवू नका, तुमच्याकडे ठेवा. मुलं दुखणं लपवतात.

मीही लपवलं होतं. अठराव्या वर्षी, चाचणीच्या आदल्या रात्री दार लावून कमरेला बाम चोळला. सकाळी नऊ षटकं टाकली, चार बळी घेतले, निवडही झाली. पुढचे दोन मोसम मी घरी फळीवर झोपून काढले. परत आलो तेव्हा वेग गेला होता. तो पुन्हा आलाच नाही.

आणखी एक. परतल्यावर त्याची गोलंदाजी मोबाइलवर समोरून आणि बाजूने टिपून घ्या आणि मागचा पाय टेकतो तिथे चित्र थांबवा. खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे तोंड करून असेल, तर पाठ प्रत्येक चेंडूला पिळली जातेय. हे सरांसोबत बसून, घाई न करता सुधारायचं.

मुलाचा जन्मदाखला खरा आहे, तरी १६ वर्षांखालच्या संघासाठीच्या हाडांच्या चाचणीत वय जास्त निघालं. नातेवाईक म्हणतात दाखला 'दुरुस्त' करून घ्या, पुढच्या गटात एक वर्ष जास्त मिळेल.
— एक पालक, सातारा

दाखल्याला हात लावू नका. भारतीय क्रिकेट बोर्डाने २०२० मध्येच जाहीर केलंय की जन्मतारखेची लबाडी आढळली तर दोन वर्षं बंदी. आणि बंदी उठली तरी नावाला चिकटलेलं निघत नाही.

चाचणीबद्दल तुमची चीड मला समजते. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांची वाढ मोजली जाते. जन्मतारीख त्या फोटोत दिसत नाही. जो मुलगा लवकर वयात येतो, त्याचं हाड पुढे धावतं, आणि खरं बोलणारं घर मार खातं. तुमच्या मुलावर अन्याय झालाय, हे मी स्पष्ट म्हणतो. पण विजय मर्चंट करंडक, म्हणजे १६ खालची स्पर्धा, गेला म्हणजे दार बंद झालं नाही. कूचबिहार आणि विनू मंकड या १९ वर्षांखालच्या स्पर्धा पुढे आहेतच. त्याला आत्तापासून मोठ्या मुलांच्या नेटमध्ये घाला. लवकर वाढलेली मुलं १६ खालच्या गटात अंगातल्या ताकदीवर धावा करतात. अठराव्या वर्षी बाकीचे उंचीला येतात आणि मग उघडं पडतं की तंत्र शिकायचं राहूनच गेलं. तुमच्या मुलाला ते दोन वर्षं आधी शिकावं लागेल, आणि त्याचा त्याला फायदाच होईल.

वय २०. मुंबईकडून १९ खालचा एक मोसम खेळलो. २३ खालच्या संभाव्य यादीत नाव नाही. गोव्याकडून खेळण्याबद्दल विचारणा आहे. जाऊ का?
— एक फलंदाज, डोंबिवली

जायला हरकत नाही, पण रागाच्या भरात जाऊ नकोस. अर्जुन तेंडुलकर मुंबईहून गोव्याला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणातच १२० धावा केल्या. म्हणजे रस्ता आहे. मात्र बाहेरून आलेल्याला दुप्पट धावा कराव्या लागतात, कारण तू तिथल्या एखाद्या पोराची जागा घेतोयस. ते तुला सतत जाणवलं पाहिजे. स्थानिक म्हणून खेळणार की पाहुणा खेळाडू म्हणून, हे आधी लेखी घे, मगच मुंबईकडे एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, माग.

त्याआधी एक विचारतो. कांगा लीगचा, म्हणजे मुंबईतल्या पावसाळी स्पर्धेचा, अख्खा मोसम खेळलास का? ओली खेळपट्टी, गुडघ्याएवढं गवत, चेंडू जमिनीवरून मारला तर जागीच अडकतो. तिथे पन्नास करणारा फलंदाज निवड समितीच्या लक्षात राहतो. आणि बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडलंस असं लिहिलंयस, ते आधी पूर्ण कर. अमोल मुजुमदारने १९९४ मध्ये रणजी पदार्पणात २६० केल्या, पुढे वर्षानुवर्षं धावांचे डोंगर रचले, आणि भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. क्रिकेटमध्ये राहण्याच्या वाटा फलंदाजीपेक्षा जास्त आहेत, पण त्या शिकलेल्याला लवकर दिसतात.

एक एजंट ८ लाखांत २३ खालच्या संघात 'नक्की' घालतो म्हणतोय. द्यावे का?
— नाव न छापण्याच्या अटीवर

एक रुपयाही नाही. निवड विकत मिळत नाही, आणि जिथे मिळते असं सांगतात तिथे पैसे गेले की फोन लागत नाही. मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार द्या. खरा हिशेब असा. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे २३ खालच्या खेळाडूला सामन्याच्या दर दिवसाला २५,००० आणि रणजीतल्या नवख्याला ४०,००० मिळतात. राखीव बसला तर निम्मे. क्रिकेटमध्ये पैसा खेळाडूकडे येतो. जो माणूस खेळाडूकडूनच मागतो, तो क्रिकेटचा नाही.

मुलगी १२ वर्षांची. गावात मुलींचा संघ नाही. मुलांच्यात खेळवू का?
— एक आजोबा, तासगाव

जरूर खेळवा, आजोबा. तुमच्या शेजारच्या सांगलीतली स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ खालच्या आणि अकराव्या वर्षी १९ खालच्या संघात होती. २०१३ मध्ये वडोदऱ्याला १९ खालच्या एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा केल्या. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, लगेच द्या, टेनिस बॉलवर वर्षं घालवू नका. हेल्मेट तिच्या मापाचं घ्या, भावाचं नको.

आणि क्लबच्या सचिवांना भेटून एवढं मागा की कपडे बदलायला एक खोली हवी, आतून कडी लागणारी. तांत्रिक अडचणीपेक्षा या कडीपायी मुली मैदान सोडताना मी जास्त पाहिल्या आहेत. कडी बसेपर्यंत तुम्ही दाराबाहेर खुर्ची टाकून बसा.