जुन्या गाडीचा टेंपरेचर मीटर खरं सांगतोय की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. गाडी १९६० च्या दशकातली आहे, मीटरवर आकडे नाहीत, फक्त सी (थंड), एन (नॉर्मल) आणि एच (गरम). मोकळ्या रस्त्यावर काटा एनवर राहतो, पण गर्दीत अडकलात की एचच्या जवळ सरकतो. तरी रेडिएटर उतू जात नाही, वास येत नाही, इंजिनाची ओढ कमी होत नाही. थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरकडे सोडणारी झडप) नवा टाकून झाला, फरक पडला नाही. मेकॅनिक आता रेडिएटर बदलायला सांगतोय आणि तुम्हाला शंका आहे की मीटरच चुकीचं दाखवत असेल.

शंका रास्त आहे. रेडिएटरला आत्ता हात लावू नका. आधी खरं तापमान किती आहे ते मीटरला न विचारता मोजा.

तुमच्या डॅशबोर्डवरचा काटा तापमान थेट मोजतच नाही. त्याच्यातून किती करंट जातोय एवढंच त्याला कळतं. बॅटरीतून निघालेला करंट व्होल्टेज स्टॅबिलायझर (मीटरला ठरावीक व्होल्टेज देणारी डबी), मीटर, वायर आणि सेन्डर (इंजिनात आट्यांनी बसवलेला, पाण्याचं तापमान ओळखणारा भाग) यांतून इंजिनाच्या बॉडीत उतरतो आणि तिथून परत बॅटरीला जातो. यातला एक जोड जरी ढिला किंवा गंजलेला असला तरी काटा बदलतो, पाण्याचं तापमान तेवढंच असलं तरी. म्हणून सेन्डर बदल, मीटर बदल असं करत बसण्यात अर्थ नाही. नवा सेन्डर तर बऱ्याचदा गोंधळ वाढवतो, कारण आटे तेच, दिसायला तोच, पण आतला रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) दुसऱ्याच मीटरसाठी बनवलेला असतो.

खरं तापमान मोजायला बहुतेक जण इन्फ्रारेड थर्मामीटर घेतात. चांगलं साधन आहे, फक्त चकचकीत धातूवर ते फसतं. पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या थर्मोस्टॅट हाउसिंगवर ते रोखलंत तर खऱ्यापेक्षा खूपच कमी आकडा येईल, कारण चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. हाउसिंगवर सेन्डरच्या जवळ मॅट काळ्या, उष्णता सहन करणाऱ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि नेहमी त्याच ठिपक्यावर, अगदी जवळून मोजा. लांबून मोजलं की शेजारचा होज आणि पंख्याची हवाही त्या आकड्यात मिसळते. एवढं करूनही पृष्ठभागाचं तापमान आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमीच दिसणार, हे धरून चाला.

दुसरी खूण थर्मोस्टॅट स्वतःच देतो. त्यावर ७४, ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला तो उघडायला लागतो आणि आणखी दहाएक अंश चढल्यावर पूर्ण उघडतो. थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर लक्ष ठेवा (हात पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब). बराच वेळ होज कोमट असतो, मग थोड्याच वेळात तो हात टिकणार नाही इतका तापतो. त्या क्षणी पाणी साधारण त्या कोरलेल्या आकड्याशी आहे. काटा कुठे आहे त्याचा लगेच फोटो काढा. एक खात्रीचा बिंदू मिळाला.

पण खरी तपासणी वेगळी आहे, आणि जुन्या गाडीवर प्रेम असलेल्या प्रत्येकाने ती एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं. सेन्डर बाहेर काढून, त्याची वायर तशीच जोडलेली ठेवून, तो गरम पाण्यात बुडवायचा आणि डॅशबोर्डवरचा काटा बघायचा. यात सेन्डर, वायर, स्टॅबिलायझर, मीटर सगळं एकत्र तपासलं जातं, गाडीत ते जसं काम करतं तसंच.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम इंजिनाची रेडिएटर कॅप किंवा सेन्डर उघडायचा विचारही करू नका. थोडं कूलंट खाली काढून घ्या, सेन्डर पान्याने सोडवा आणि त्या भोकात रबरी बूच बसवा. आता सेन्डरचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परत बॅटरीकडे जायची वाट) तुटला, कारण तो आट्यांमधून इंजिनाला मिळत होता. एक जाड वायर घ्या, एक क्लिप सेन्डरच्या षटकोनी पितळी अंगाला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला लावा. उकळलेलं पाणी भांड्यात घ्या, थर्मामीटर आणि सेन्डर शेजारी शेजारी, एकाच खोलीवर धरा. सेन्डरचं टोक भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही आणि वरचं टर्मिनल ओलं होऊ द्यायचं नाही. चावी ऑन करा, इंजिन चालू करायची गरज नाही.

पाणी ढवळत राहा आणि निवत जाऊ द्या. ९५, ९०, ८५, ८०, ७० अशा प्रत्येक टप्प्यावर काट्याचा फोटो घ्या. जुने बायमेटल मीटर (आतली दोन धातूंची पट्टी करंटने तापून वाकते आणि काटा हलवते) सुस्त असतात, चावी फिरवल्यावर काटा हळूहळू चढतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोडा दम धरा. फोटो सरळ समोरून काढा. तिरक्या कोनातून काटा अर्धं घर सरकलेला दिसतो आणि तेवढ्याने निष्कर्ष बदलतो.

थर्मामीटरवर आधी विश्वास बसला पाहिजे. वितळत्या बर्फाच्या पाण्यात तो शून्य आणि उकळत्या पाण्यात १०० दाखवतो का बघा. तुम्ही उंचावर राहत असाल तर समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ९०० मीटरवर ९७ दिसले तर थर्मामीटर बरोबरच आहे.

हे फोटो हाती आले की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. समजा ९० अंशांना तुमचा काटा एनच्या बराच वर, एचकडे झुकलेला दिसला. म्हणजे गर्दीत तुम्हाला घाबरवणारी जागा प्रत्यक्षात ९० आहे, आणि ८२ च्या थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या इंजिनाला ९० म्हणजे काहीच नाही. उलट ९० ला काटा एनच्या खालीच राहिला आणि रस्त्यावर मात्र तो एचजवळ जात असेल, तर मीटरमुळे तुम्हाला धोका कमी वाटत होता. मग गाडी खरंच तापतेय.

इथे एक गैरसमज सांगायलाच हवा. नव्या गाड्यांत काटा मध्यावर चिकटल्यासारखा असतो, कारण तिथे सॉफ्टवेअर मधला मोठा पट्टा एकाच जागी दाखवतं. तापमान १०-१५ अंश वरखाली झालं तरी चालकाला कळत नाही. त्या सवयीने आपण जुन्या गाडीत बसतो आणि काटा हलला की धसका घेतो. जुन्या गाडीचा काटा हलणारच. चढावर, गर्दीत, गाडी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू केल्यावर तो चढणार आणि वारा लागला की उतरणार. न हलणारा काटा दिसला तर मला जास्त काळजी वाटते. आणि १०० म्हणजे लगेच उकळणं असंही नाही. ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरणारी रेडिएटर कॅप धड असेल तर नुसतं पाणीसुद्धा सुमारे १११ अंशांना उकळतं आणि १३ च्या कॅपला सुमारे ११९ ला. कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. कॅपचं रबर कडक झालं असेल तर मात्र हा हिशोब कोलमडतो, तेव्हा ते आधी बघा.

आता समजा फोटोंवरून मीटर चुकतोय हे नक्की झालं. दोष शोधायला मी आधी पेट्रोलचा काटा बघतो. टाकी भरलेली असताना पेट्रोलचा काटाही फुलच्या पलीकडे जातोय का? दोन्ही मीटर एकदम जास्त दाखवत असतील तर स्टॅबिलायझरवर संशय घ्या. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत, स्मिथ्सच्या बायमेटल मीटरना, तो सरासरी १० व्होल्ट पुरवतो. त्याचं डबीचं आवरण डॅशबोर्डमागच्या धातूला नीट टेकलेलं नसेल किंवा आतला कॉन्टॅक्ट चिकटला असेल तर मीटरला बॅटरीचे पूर्ण १२-१४ व्होल्ट जातात आणि दोन्ही काटे चढतात. जुना स्टॅबिलायझर करंट सतत चालू-बंद करत सरासरी राखतो, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नाचताना दिसतील. तो दोष नाही. नाचत नसतील आणि सरळ १२ दिसत असतील तर दोष आहे. हल्ली त्याच आकाराच्या डबीत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतो, तो टाकणं शहाणपणाचं. काही अमेरिकन गाड्यांत हेच काम साधारण ५ व्होल्टवर होतं, म्हणून १० चा रेग्युलेटर डोळे झाकून कुठेही लावू नका.

पेट्रोलचा काटा बरोबर आणि फक्त तापमानाचा चुकत असेल तर अर्थिंग तपासा. सेन्डर परत बसवा, चावी ऑन, हेडलाइट ऑन. मल्टिमीटरची एक पिन सेन्डरच्या पितळी अंगाला आणि दुसरी, बॅटरीचं जे टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय, त्याला लावा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असू शकतं, ते आधी बघून घ्या. मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. एक दशांश व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी बघा, ती गंजलेली किंवा कुणीतरी काढून ठेवलेली सापडते. स्टार्टर मारताना चोकची केबल गरम होत असेल तर पट्टी नाहीच असं समजा, करंट केबलमधून परत जातोय. सेन्डरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले असतील तर तेही काढा. अर्थ खराब असला की काटा कमी दाखवतो, आणि हा प्रकार जास्त दाखवण्यापेक्षा कितीतरी वाईट.

यानंतर उरले सेन्डर आणि मीटर. पुन्हा गरम पाण्याचा प्रयोग, पण आता सेन्डरची वायर सोडून टर्मिनल आणि अंग यांच्यामध्ये ओहम मोजा. तापमान वाढेल तसा रेझिस्टन्स उतरत गेला पाहिजे, गार असताना शेकड्यांत आणि चांगला तापल्यावर दोन आकड्यांत. मध्येच उडी मारली किंवा अडकला तर सेन्डर गेला. नीट उतरत असेल तर तो सेन्डर निदान जिवंत आहे. मग ९० अंशांना जेवढे ओहम मिळाले तेवढ्याचा दोन वॅटचा रेझिस्टर सेन्डरच्या वायरला लावून दुसरं टोक अर्थला द्या आणि काटा बघा. तुमच्या मीटरसाठी मूळ सेन्डरचे ओहम मॅन्युअलमध्ये दिले असतील तर तेवढ्याचा रेझिस्टर लावल्यावर दोष सेन्डरचा की मीटरचा ते उघड होईल. वायर थेट अर्थला टेकवून काटा एचला जातो का बघण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण त्यातून मीटर जिवंत आहे एवढंच कळतं, अचूक आहे की नाही ते नाही. आणि तशी वायर दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरायची नाही, आतलं वाइंडिंग जळतं.

तुमच्याऐवजी कुणाच्या गाडीत बारीक तांब्याच्या नळीचा मेकॅनिकल मीटर असेल तर त्याला बॅटरीशी देणंघेणं नसतं. टोकाच्या बल्बमधल्या द्रवाच्या वाफेचा दाब नळीतून थेट मीटरपर्यंत येतो. त्याचीही परीक्षा गरम पाण्यातच करायची. नट सोडवताना नळी पिळली जाऊ देऊ नका, ती फुटली तर मीटर संपला.

एक गोष्ट मात्र कोणताही प्रयोग सांगणार नाही. सेन्डर पाण्यात बुडालेला असेल तरच तो पाण्याचं तापमान सांगतो. तो इंजिनाच्या वरच्या भागात असतो, म्हणजे पाणी कमी झालं की सगळ्यात आधी तोच उघडा पडतो. मग त्याला हवा किंवा वाफ लागते आणि इंजिन भयंकर तापलेलं असतानाच काटा खाली येऊ शकतो. एचजवळ गेलेला काटा, वेग न वाढवता, वारा न लागता, अचानक उतरला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पूर्ण निवेपर्यंत कॅप उघडू नका. म्हणूनच सेन्डर परत बसवल्यावर पाणी भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गाडीचं नाक थोडं उंच करून आतली हवा काढून टाका. नाहीतर तुमचे सगळे फोटो बरोबर असूनही रस्त्यावरचा काटा चुकीचं सांगेल.

तुमच्या बाबतीत मी आधी गरम पाण्यातले फोटो काढीन, मग गर्दीत काळ्या ठिपक्यावरचं तापमान घेऊन त्यांच्याशी ताडून बघीन. दोन्हींतून ९५ च्या आसपास आलं तर रेडिएटर आहे तसाच राहू द्या आणि ९० व १०० च्या जागी मीटरच्या काचेवर दोन बारीक टिकल्या लावा. १०५ च्या वर येत असेल तर मेकॅनिक म्हणतो त्यात तथ्य आहे. तरीही रेडिएटर उतरवण्याआधी पंख्याचा बेल्ट, कॅप आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघायला सांगा. टायमिंग मागे पडलं असलं तरी गर्दीत इंजिन असंच तापतं.