'द डेव्हिल वी नो' ही डॉक्युमेंटरी पाहिली. घरातला नॉनस्टिक तवा टाकून द्यावा का?

लेप शाबूत असेल तर लगेच टाकू नका, पण वापरायची पद्धत आजच बदला.

२०१८ची ही डॉक्युमेंटरी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग परिसराची आहे. तिथे ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यात टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिक तव्याचा लेप, बनवताना सी-८ म्हणजे पीएफओए हे रसायन वापरत. ते हवेत, ओहायो नदीत आणि शेवटी पिण्याच्या पाण्यात उतरलं. सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार धरून सहा आजारांशी संबंध असण्याची दाट शक्यता तज्ज्ञ समितीने नोंदवली. हे विष लोकांच्या अंगात गेलं ते मुख्यतः पाण्यातून. तव्याचा लेप भट्टीत भाजताना पीएफओए बहुतेक सगळं उडून जातं, आणि लेपाचा कण पोटात गेलाच तर न पचता बाहेर पडतो.

घरात घात होतो तो आचेने. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे लेप बिघडू लागतो, ३५०च्या वर विषारी वायू सुटतात. मोठ्या आचेवरचा रिकामा तवा काही मिनिटांतच २६० गाठतो. त्या वाफेने माणसाला काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, छाती भरल्यासारखी होते. पिंजऱ्यातला पोपट किंवा लव्हबर्ड्स तर मरतात. घरात पक्षी असतील तर नॉनस्टिक नकोच.

म्हणून भाकरी, फुलके, शेंगदाणे भाजणं, फोडणी यांतलं काहीही त्यावर करू नका. घावन, धिरडी, ऑम्लेट मध्यम आचेवर, आधी तेल लावून. तेलातून धूर निघाला की तवा फार तापला, गॅस बंद करा. लाकडी उलथनं वापरा, तारेची घासणी नको. लेपाचे पोपडे निघू लागले की मात्र तवा काढून टाका.

खोक्यावरच्या 'पीएफओए-फ्री'वर विसंबू नका. लेप तोच असतो, बनवतानाचं रसायन बदललेलं असतं. त्या जागी आलेलं जेनएक्सही पुढे नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीत सापडलं. इटलीत याच कुळातल्या रसायनांनी पाणी नासवणारा मितेनी कारखाना २०१८मध्ये दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रसामग्री आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामला आली. लोट्याच्या आसपास राहणाऱ्यांनी तव्यापेक्षा विहिरीच्या पाण्याची चौकशी आधी करावी.

नवा घ्यायचाच तर बिडाचा घ्या. धुऊन गॅसवर पूर्ण कोरडा करा, अर्धा चमचा तेल फडक्याने चोळून जास्तीचं पुसून घ्या, धूर येईपर्यंत तापवा, निवू द्या. असं चार-पाच वेळा. तेलाचा थर जाड राहिला तर तवा चिकट होतो. पहिली दोन-तीन घावनं तरीही चिकटतील. साबणाने घासत बसू नका, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा आणि पुढचं घाला.